एक्झिक्युटर हिशेब देत नसेल तर वारसानं काय करावं: कोल्हापूरकरांसाठी मार्गदर्शक

वडिलांच्या मागे आमच्या घरचा सगळा कारभार मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून नेमलेल्या एका नातेवाइकांच्या हाती गेला. गाळ्याचं भाडं कुठं जमा होतंय, उसाचं बिल कुणी उचललं, पतसंस्थेतल्या ठेवी मोडल्या का, यातलं काही आम्हा भावंडांना कळेना. विचारलं की "बघू, होईल सगळं" एवढंच उत्तर. पुढं कोर्टाची पायरी चढावी लागली आणि त्या काळात जे शिकायला मिळालं ते इथं क्रमानं मांडते. भावकीतल्या माणसाविरुद्ध उभं राहणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, हिशेब मागणं म्हणजे भांडण नव्हे. कायद्यानं वारसाला दिलेला तो हक्क आहे आणि त्याच्या मुदतीही कायद्यानंच ठरवून दिल्या आहेत. माणूस बदलायचा विचार नंतर करा. आधी हिशेब कोर्टाच्या फायलीत आणा, पुढचे सगळे रस्ते तिथूनच फुटतात.

हे लेखन हिंदू कुटुंबांना धरून आहे. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्रानं साधारणपणे एक तृतीयांशाच्या आतच मालमत्ता देता येते आणि वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत, त्यामुळं तिथं वकिलांशी स्वतंत्रपणे बोला.

1. समोरच्याच्या हातात नेमका कोणता कागद आहे ते शोधा

बहुतेकांची गाडी इथंच चुकीच्या रुळावर जाते. "काका सगळं बघतात" या वाक्याचे कायद्यात चार वेगवेगळे अर्थ होऊ शकतात आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे.

पहिला प्रकार: मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून नाव आहे आणि त्यांनी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, घेतलं आहे. दुसरा: मृत्युपत्रात नाव आहे, पण प्रोबेट घेतलेलंच नाही. कोल्हापुरात हा प्रकार फार दिसतो, कारण इथल्या मालमत्तेच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. एक्झिक्युटरला अधिकार मृत्युपत्रातूनच मिळतो. तिसरा: मृत्युपत्र नाही किंवा त्यात एक्झिक्युटर नेमलेला नाही, आणि कोर्टानं कुणाला तरी लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे कारभाराचं अधिकारपत्र (पुढं नुसतं लेटर्स), देऊन प्रशासक केलं आहे. चौथा: कागद कुठलाच नाही. थोरले भाऊ किंवा चुलते आपणहून कारभार बघतात.

चौथ्या प्रकारात प्रोबेट रद्द करा म्हणून अर्ज टाकण्यात काही अर्थ नाही, कारण रद्द करायला प्रोबेटच नाही. तिथं वाटपाचा दावा आणि सोबत हिशेबाची मागणी हाच रस्ता. मुलींनी लक्षात ठेवा, 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क आहे आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं आहे.

आणखी एक गोंधळ नॉमिनीचा. ठेवीला किंवा शेअर्सला नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंय म्हणून तो मालक होत नाही. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे 2023 मध्ये सांगितलं. नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते वारसांचेच असतात. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैशांवर त्यांचाच हक्क सांगितला जाऊ शकतो, तेव्हा तिथं वकिलांना विचारा. नॉमिनी आणि एक्झिक्युटर एकच व्यक्ती असेल, तर ती रक्कम हिशेबात धरलीय का हे आवर्जून बघा.

2. कोर्टाच्या नकला काढा

प्रोबेट किंवा लेटर्स मिळाले असतील तर ते प्रकरण कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात किंवा अधिकार दिलेल्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चाललेलं असतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराच्या नावानं शोधा, प्रकरण क्रमांक मिळेल. मग नकला विभागात अर्ज देऊन पुढचे कागद मागा: मूळ अर्ज, त्यासोबतची मालमत्तेची यादी, मृत्युपत्राची प्रत, अंतिम आदेश, दिलेला बाँड (हमीपत्र) आणि पूर्ण रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद).

मूळ अर्जात वारस म्हणून कुणाकुणाची नावं दिलीत ते आधी वाचा. एखाद्या बहिणीचं नाव गाळलं असेल किंवा तिचा पत्ता जाणूनबुजून जुना दिला असेल, तर तो मोठा मुद्दा आहे. नोटीस वर्तमानपत्रात जाहीर झाली एवढ्यावर समाधान मानू नका.

प्रकरण अजून सुरूच असेल तर ताबडतोब त्याच कोर्टात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका अशी हरकत, दाखल करा. भारतीय वारसा कायदा 1925, कलम 284 खालची ही सोय आहे. पुढं जिथं नुसतं कलम लिहिलंय ते याच कायद्याचं. हरकत आली की प्रोबेटचा अर्ज नियमित दाव्यासारखा चालतो आणि तुम्हाला साक्षीदार तपासायला मिळतात.

3. उशीर आणि गैरकारभार यातला फरक समजून घ्या

हा भाग नीट वाचावा अशी माझी मनापासून विनंती आहे. घाईनं केलेला आरोप कोर्टात टिकत नाही आणि घरातलं नातंही कायमचं तुटतं.

एक्झिक्युटरला मृत्यूनंतर एक वर्षापर्यंत मृत्युपत्रातल्या देणग्या वाटण्याची सक्ती करता येत नाही, असं कलम 337 सांगतं. त्याआधी त्याला देणी भागवायची असतात. अंत्यविधीचा खर्च आणि शेवटच्या महिन्यातला औषधोपचार सगळ्यांत आधी, मग प्रोबेटचा खर्च, मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतल्या कामाचा पगार म्हणजे गडी, चालक, घरकामाच्या बाई वगैरेंचा, त्यानंतर बाकीची कर्जं. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असताना वाटप का होत नाही म्हणून ओरडून उपयोग नाही. तिथं तो माणूस बरोबर आहे.

गैरकारभार कशाला म्हणायचं तेही कायद्यात आहे. प्रोबेट किंवा लेटर्स मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची संपूर्ण यादी आणि एक वर्षात जमाखर्चाचा हिशेब कोर्टात द्यावा लागतो, कलम 317. कोर्ट मुदत वाढवून देऊ शकतं, पण ती मागावी लागते. प्रशासकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय स्थावर विकता, गहाण ठेवता, बक्षीस देता किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं देता येत नाही, कलम 307. असा व्यवहार झाला असेल तर हितसंबंध असलेली व्यक्ती तो रद्द करून मागू शकते. एक्झिक्युटरचे विक्रीचे अधिकार मोठे असतात, मृत्युपत्रात बंधन घातलं असेल तर मात्र ते पाळावं लागतं. मयताची मालमत्ता स्वतःच विकत घेतली असेल, तर तीही वारसाच्या मागणीवरून रद्द होऊ शकते, कलम 310. बायकोच्या किंवा मेहुण्याच्या नावावर खरेदी झाली असेल तर त्यामागचे पैसे कुणाच्या खात्यातून गेले हे शोधा.

आणि कलम 368 व 369. मालमत्तेचा गैरवापर करून किंवा नुकसान होऊ देऊन, अथवा येणं वसूल करायचं टाळून तोटा झाला असेल तर तो भरून देण्याची जबाबदारी त्याच्यावर वैयक्तिकरीत्या येते. भाडेकरूकडून वर्षानुवर्षं भाडं घेतलंच नाही, उसनवारीची मुदत उलटू दिली, यात बेइमानी नसली तरी तोटा त्याचाच.

4. बाहेरचे कागद गोळा करा

कोर्टातल्या यादीशी ताडून बघायला बाहेरचे कागद लागतात. आमच्या प्रकरणाला खरं वजन यांनीच आलं, त्यामुळं यावर वेळ घालवा.

शहरातल्या घरासाठी, जागेसाठी सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका. शेतीसाठी सातबारा, आठ-अ आणि मृत्यूनंतरचे सगळे फेरफार. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाच्या आणि गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांकाच्या आधारे सूची क्रमांक दोन काढा. मृत्यूनंतर काही खरेदीखत, गहाणखत किंवा हक्कसोडपत्र झालं असेल तर ते तिथं दिसतं.

मग आपल्या भागातल्या मालमत्तेचे खास कप्पे. साखर कारखान्याचे शेअर्स आणि मृत्यूनंतर निघालेली ऊसबिलं, दूध संस्थेतलं खातं, विकास सोसायटीचा उतारा, पतसंस्था आणि सहकारी बँकांतल्या ठेवी, गूळ अडत्याकडची येणी, गुजरीतल्या सराफाकडं ठेवलेले किंवा मोडलेले दागिने. यातलं बरंच काही प्रोबेटच्या यादीत येतच नाही, कारण घरचा कर्ता माणूस जाताना सगळं सांगून जात नाही. वडिलांची जुनी पासबुकं, सराफाच्या पावत्या, कारखान्याच्या सभेची निमंत्रणं, काही फेकू नका.

बँक तुम्हाला थेट खातेउतारा देत नसेल तर वाद घालत बसू नका. पुढं कोर्टातून ते कागद हजर करण्याचा आदेश मागता येतो.

फाइलमध्ये एवढं असू द्या:

- मृत्यूचा दाखला, तुमचा आधार, नातं सिद्ध करणारे शाळेचे वा रेशनकार्डचे कागद
- मृत्युपत्र आणि कोर्टातल्या प्रमाणित नकला
- दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला, काढला असल्यास
- मिळकत पत्रिका, सातबारा, फेरफार, सूची क्रमांक दोन
- ठेवी, शेअर्स, विमा, लॉकर यांची माहिती आणि नॉमिनीची नावं
- एक्झिक्युटरशी झालेला सगळा पत्रव्यवहार, व्हॉट्सॲपवरचे संदेश मूळ फोनमध्येच ठेवून

5. लेखी हिशेब मागा

तोंडी मागितलेला हिशेब कोर्टापुढं शून्य. साध्या, सभ्य भाषेत पत्र लिहा: काय काय मालमत्ता ताब्यात घेतली, मृत्यूनंतर किती उत्पन्न आलं, कुणाला किती दिलं, शिल्लक कुठं आहे. उत्तरासाठी वाजवी मुदत द्या. पोहोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा आणि प्रत जपा. उत्तर आलं नाही की वकिलांमार्फत नोटीस.

नोटिशीत शिवीगाळ, फौजदारीची धमकी, जुनी उणीदुणी नकोत. न्यायाधीश पुढं हाच कागद वाचणार आहेत, तेव्हा कोण समंजसपणे वागलं हे त्यात दिसायला हवं.

याच टप्प्यावर पै-पाहुणे मध्ये पडतात. मिटत असेल तर जरूर मिटवा, पण दोन गोष्टी सांभाळा. हिशेब हातात आल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नका. "फक्त नोंदीपुरतं आहे, आक्का" असं म्हणून दुय्यम निबंधकांकडं नेलेल्या कितीतरी बहिणी मी पाहिल्या आहेत. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे फिरवणं फार कठीण. दुसरं, नुसत्या स्टॅम्पवर लिहिलेली आपसातली तडजोड तशीच ठेवू नका. प्रकरण चालू असेल तर ती कोर्टात तडजोड पुरसिस (दोन्ही बाजूंचं लेखी निवेदन) म्हणून दाखल करा किंवा लोकअदालतीत ठेवा. लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील होत नाही, म्हणून शब्द न् शब्द वाचूनच सही करा.

6. मालमत्ता हातची जाऊ देऊ नका

हिशेबाची वाट बघताना जमीन विकली गेली तर जिंकूनही हाती काही उरत नाही. विक्रीची कुणकुण लागताच दावा दाखल करून सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्या. आपल्याकडच्या कोर्टात त्याला निशाणी पाचचा अर्ज म्हणतात. दाव्याची लिस पेंडन्सची, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू आहे अशी, नोटीस दुय्यम निबंधकांकडं नोंदवून घ्या, म्हणजे घेणाऱ्याला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. स्थानिक वर्तमानपत्रात वकिलांमार्फत जाहीर नोटीसही देता येते.

शेतजमिनीवर फेरफार धरला गेला तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत तलाठी कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोहोच घ्या. हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि मंडल अधिकाऱ्यांपुढं सुनावणी होते. निर्णय विरोधात गेला तर 60 दिवसांत प्रांतांकडं अपील. मुंबई-पुण्याला राहणाऱ्या भावंडांनी "आपली चावडी"वर गावच्या फेरफार नोटिसा अधूनमधून बघत जाव्यात. फेरफारानं मालकी ठरत नाही हे खरं, पण गिऱ्हाईक सातबाराच बघतं.

मृत्युपत्राच्या खरेपणावर किंवा प्रोबेट रद्द करण्यावर प्रकरण चालू असेल तर तोवर कोर्ट स्वतःच्या देखरेखीखाली तात्पुरता प्रशासक नेमू शकतं, कलम 247. भाडं, ऊस, दुकान असं चालू उत्पन्न असलेल्या घरांना हा उपाय खूप सोयीचा आहे आणि तरीही फार थोडे लोक तो मागतात.

7. कुठल्या कोर्टात काय मागायचं

*प्रोबेट किंवा लेटर्स रद्द करणं.* ज्या कोर्टानं दिलं तिथंच कलम 263 खाली अर्ज. महत्त्वाची बाब लपवून किंवा खोटं सांगून मिळवलं, प्रक्रियेतच मूलभूत दोष होता, जाणूनबुजून आणि सबळ कारणाशिवाय यादी-हिशेब दिला नाही, किंवा दिलेला हिशेब महत्त्वाच्या बाबतीत खोटा आहे, ही त्याची कारणं. बहुतेक वारसांना यातलं हिशेबाचं कारण सगळ्यांत उपयोगी पडतं, कारण ते रोजनाम्यावरूनच सिद्ध होतं. अर्जाला तीन वर्षांची मुदत लागू धरली जाते, तेव्हा रेंगाळू नका.

*माणूस हटवणं.* मृत्युपत्र खरं आहे, फक्त एक्झिक्युटर नालायक निघाला, अशा वेळी प्रोबेट रद्द करायचं कारण नाही. कलम 301 खाली त्याला निलंबित करून, हटवून दुसरा नेमता येतो. हा अधिकार उच्च न्यायालयाचा आहे. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे आणि त्या खर्चाच्या धास्तीनंच अनेक घरं गप्प बसली. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं आहे. कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडं आहेत. इथल्या वकिलांनी आणि जनतेनं त्यासाठी कितीतरी वर्षं लढा दिला. वारसांसारख्या साध्या माणसांना त्याचं मोल काय, हे मला पक्कं ठाऊक आहे. हटवण्याइतकं प्रकरण गंभीर नसेल तर प्रोबेट दिलेल्या एक्झिक्युटरला अमुक गोष्ट करा असे निर्देश उच्च न्यायालयाकडून मागता येतात, कलम 302. जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशावरचं अपीलही उच्च न्यायालयातच.

*हिशेब आणि व्यवस्थापनाचा दावा.* प्रोबेट घेतलंच नसेल तर दिवाणी न्यायालयात हा दावा करा. कोर्ट मालमत्तेची मोजदाद आणि हिशेब करून घेतं, गरज पडल्यास रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता तात्पुरती सांभाळणारा माणूस, नेमतं. मृत्युपत्रानं मिळालेली देणगी किंवा उरलेल्या मालमत्तेतला हिस्सा वसूल करायला 12 वर्षांची मुदत आहे. देणगी किंवा हिस्सा देय होतो त्या तारखेपासून ती मोजतात.

*बाँडवरची वसुली.* प्रशासकाला जामीनदारासह बाँड द्यावा लागतो. हिंदू मयताच्या प्रोबेटमध्येही कोर्ट तो मागू शकतं. बाँडमधल्या अटी मोडल्या की कोर्ट तो तुमच्या नावे करून देऊ शकतं आणि मग जामीनदारावरही दावा चालतो, कलम 292. म्हणूनच वर बाँडची नक्कल काढायला सांगितलं.

*फौजदारी.* पैसे सरळ स्वतःच्या खात्यात वळवले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताची तक्रार होऊ शकते. 1 जुलै 2024 पूर्वीच्या कृत्यांना जुनी दंडसंहिता लागू. पोलिस ठाण्यात बहुधा "ही दिवाणी बाब आहे" असंच ऐकावं लागतं. बँकेच्या नोंदी हातात असल्याशिवाय आणि वकिलांनी सल्ला दिल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. दिवाणी उपाय आधी.

8. वकील आणि खर्च

प्रोबेटची कामं चालवलेला वकील शोधा. पहिल्या भेटीत विचारा: माझ्या प्रकरणात 263 की 301, आणि का? याचं उत्तर नीट समजावून देणारा माणूस निवडा. फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदांवर सह्या करू नका.

बाईमाणसाला तर पैशांअभावी थांबायचं कारणच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1987 च्या कायद्यातला हा हक्क आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातच द्यायचा असतो.

9. नवा माणूस नेमल्यावर

आदेशाच्या प्रमाणित नकला त्याच आठवड्यात सगळ्या बँका, पतसंस्था, कारखाना, भाडेकरू आणि तलाठी यांना द्या आणि पोहोच घ्या. जुन्या एक्झिक्युटरकडून किल्ल्या, लॉकर, मूळ खतं पंचांसमक्ष यादी करून घ्या. नव्या व्यक्तीला यादी आणि हिशेबाच्या तारखा पहिल्याच दिवशी लेखी कळवा.

जुन्याकडून रक्कम वसूल करण्याचा हुकूमनामा झाला आणि तो भरत नसेल, तर त्याच कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. तिला हुकूमनाम्यापासून 12 वर्षांची मुदत आहे, पण थांबू नका. त्याच्या नावावरच्या मिळकतीची सूची क्रमांक दोन आणि सातबारा काढून दरखास्तीसोबतच जप्तीचा अर्ज द्या.